चार वर्तुळांत न मावणारं इकिगाई

निवृत्तीला दोन महिने उरलेल्या माझ्या एका सहकाऱ्यांना ऑफिसच्या प्रशिक्षणात एक कागद मिळाला. त्यावर एकमेकांत शिरलेली चार वर्तुळं होती : तुम्हाला काय आवडतं, काय चांगलं जमतं, जगाला कशाची गरज आहे आणि कशाचे पैसे मिळू शकतात. चारही वर्तुळांच्या मधोमध एक जपानी शब्द, इकिगाई. वीस मिनिटांत भरून द्यायचं होतं. त्यांनी पहिल्या वर्तुळात ‘संध्याकाळी गल्लीतल्या पोरांबरोबर कॅरम’ असं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. कॅरमचे पैसे कोण देणार, आणि जगाचं त्यावाचून काय अडलंय? प्रशिक्षकांनी कागद पाहून सांगितलं, “म्हणजे सर, तुमचं इकिगाई अजून सापडायचं आहे.”

खरं तर ते पहिल्याच ओळीत सापडलेलं होतं. चुकीचा होता तो कागद.

ही चार वर्तुळं जपानमधली नाहीत. ती २०११ च्या सुमारास आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश ज्योतिष्याने काढली आणि मधल्या जागेत शब्द लिहिला ‘उद्दिष्ट’. पुढे मार्क विन या ब्रिटिश गृहस्थाने जपानमधल्या दीर्घायुषी लोकांवरचं एक भाषण ऐकलं, त्यातला इकिगाई हा शब्द त्याला भावला आणि २०१४ मध्ये त्याने आकृतीतलं ‘उद्दिष्ट’ काढून तिथे ‘इकिगाई’ लिहिलं. आपण केवळ एक शब्द बदलला, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलं आहे. एक्तोर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिरालेस यांच्या ज्या पुस्तकाचा मराठी अनुवाद आज रस्त्यावरच्या पुस्तकविक्रेत्याकडेही मिळतो, त्याच्या इंग्रजी आवृत्तीतही आकृतीखाली विनचं नाव आहे. तेवढी ओळ कोण वाचतो! गंमत अशी, की पत्रिका बघणाऱ्यांना हसणारी कॉर्पोरेट मंडळी एका ज्योतिष्याची आकृती मोठ्या भक्तिभावाने भरत असतात.

मूळ शब्द साधा आहे. ‘इकि’ म्हणजे जगणं आणि ‘गाई’ म्हणजे मोल, सार्थक. जपानी आजी नातवंडांना आपलं इकिगाई म्हणते, कुणी रविवारच्या मासेमारीला म्हणतो. आपल्याकडे ‘त्यात त्यांचा जीव रमतो’ म्हणतात, ते याच्या बरंच जवळ जातं. जीव रमण्यासाठी पगार लागतो, असं मराठीत कुणी म्हणत नाही. जपानमध्येही म्हणत नाहीत : २०१० मध्ये तिथल्या २,००० स्त्री-पुरुषांच्या पाहणीत आपलं काम हेच आपलं इकिगाई असं सांगणारे ३१ टक्केच निघाले. ज्या देशाला आपण कामवेडा म्हणतो, तिथला हा आकडा.

पैशाचं वर्तुळ पुसलं तरी एक समजूत शिल्लक राहते : ज्याचं सगळं ठीक चाललंय त्यालाच असले प्रश्न परवडतात, उद्दिष्ट वगैरे पोट भरल्यावरच्या गोष्टी. इथे मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंविषयी सांगायला हवं, कारण इकिगाईचा पहिला मोठा अभ्यास त्यांचा, आणि तो कुठल्या सुखवस्तू गावात झालेला नाही.

कामिया १९१४ साली जन्मल्या. ऐन तारुण्यात, काकांबरोबर ऑर्गन वाजवायला म्हणून त्या एका कुष्ठधामात गेल्या आणि डॉक्टर व्हायचं ठरवून परतल्या. घरून विरोध झाला, मग क्षय झाला. तो आजार, युद्ध, संसार, शिकवण्या यांतून वाट काढत १९५७ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्या नागाशिमा आइसेइएन या कुष्ठधामात संशोधनासाठी पोचल्या. हे कुष्ठधाम एका बेटावर आहे. मुख्य भूमीपासून अंतर जेमतेम तीस मीटर, पण पूल झाला तो १९८८ साली. रुग्णांना सक्तीने वेगळं ठेवणारा कायदा रद्द व्हायला तर १९९६ उजाडलं. औषधं आली होती, बरे झालेलेही तिथेच होते. घरच्यांनी नाव टाकलेलं, परतीची वाट नाही.

अनेकांनी कामियांना सांगितलं, की आयुष्य निरर्थक वाटतं. यात नवल नाही. पण त्याच छपराखाली, त्याच आजारात काही जण मनापासून जगत होते, आणि हे कसं, हा प्रश्न त्यांना सोडेना. १९६६ मध्ये आलेलं त्यांचं इकिगाईवरचं पुस्तक त्या प्रश्नातूनच उभं राहिलं. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या : ज्यात जीव रमतो ती वस्तू, व्यक्ती किंवा काम, आणि ते असल्यामुळे मनात उमटणारी भावना. पहिली हिरावली जाऊ शकते, पण दुसरी पुन्हा कशावर तरी रुजू शकते. वरोऱ्याच्या आनंदवनात हातांची बोटं झडलेल्या माणसांनी पिकवलेली शेतं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

काम मोठं असेल तरच त्याला अर्थ, हीही समजूत याच जातीची. १९९७ मध्ये एमी रेझ्नेस्की आणि सहकाऱ्यांचा एक अमेरिकन अभ्यास आला. त्यात कॉलेजच्या ऑफिसात मदतनीसाचं काम करणारे २४ जण होते, म्हणजे पद साधारण एकच. तरी त्यांचे जवळपास सारखे तीन गट पडले : काहींना ते पोटापाण्याचं काम वाटे, काहींना बढतीची पायरी, आणि काहींना आपण याचसाठी आहोत असं. चोवीस म्हणजे फारच थोडे, हे खरं. पण तुमच्या तालुक्याच्या ऑफिसातली तीन टेबलं आठवून पाहा.

आवड ‘शोधायची’ असते, या सल्ल्याबद्दल थोडक्यात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, आवड तयार स्वरूपात कुठेतरी असते असं मानणाऱ्यांचा उत्साह विषय अवघड होताच जास्त ओसरला. आवड वाढवावी लागते असं मानणारे त्यापेक्षा टिकले. तबल्याची पहिली दोन वर्षं आठवणाऱ्या कुणालाही हे पटेल.

राहिला दीर्घायुष्याचा गैरसमज, आणि पुस्तकं खपतात ती यावरच. इकिगाई शोधा, शंभरी गाठा! उदाहरण नेहमीचं, ओकिनावा बेटं. पण पुरुषांच्या आयुर्मानात ओकिनावा २००० साली जपानच्या ४७ प्रांतांत २६व्या क्रमांकावर घसरला. तिथे याला ‘२६चा धक्का’ म्हणतात. २०२० मध्ये तो ४३वा होता. बेटांवर १९७२ पर्यंत अमेरिकेचा ताबा होता, ताटात डबाबंद मांस आणि बर्गर आले, चालण्याऐवजी मोटार आली. शब्द मात्र होता तिथेच होता.

तरी सगळंच थोतांड नाही. जपानच्या ओसाकी भागात १९९४ पासून ४० ते ७९ वयाच्या ४३,३९१ लोकांचा सात वर्षं मागोवा घेतला गेला. इकिगाई ‘नाही’ म्हणणाऱ्यांत मृत्यूचा धोका ‘आहे’ म्हणणाऱ्यांच्या सुमारे दीडपट आढळला, विशेषतः हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी. कर्करोगाच्या मृत्यूंत असा फरक दिसला नाही. शिवाय ‘नाही’ म्हणणारे अधिक करून एकटे, बेकार, दुखण्यांनी बेजार असे होते. संशोधकांनी हिशेबात हे सगळं धरलं. पण दुखण्याने जीव रमेनासा होतो, की जीव न रमल्याने दुखणं येतं, याची गाठ अशा पाहणीने पुरती सुटत नाही. शेजारच्या एकट्या आजोबांना ‘काहीतरी छंद लावून घ्या’ म्हणण्याआधी त्यांचा गुडघा कुणी डॉक्टरला दाखवलाय का, ते विचारलेलं बरं.

ओसाकीच्या त्या प्रश्नावलीत इकिगाईबद्दल एकच साधा प्रश्न होता : तुमच्या जगण्यात ते आहे का? उत्तरं तीन : हो, नाही, सांगता येत नाही. ५९ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. ते नेमकं कशात आहे, हे त्या प्रश्नात कुणाला विचारलेलंच नव्हतं.