कास्टिंगचा रेट विचारण्याआधी साचा विचारा



पुली, पंपाची बॉडी, मोटरचं कव्हर, मशीनचा बेड. बिडाचा माल घेणारा छोटा उद्योजक फाउंड्रीला पहिला प्रश्न विचारतो, "किलोला काय रेट?" दुसरा प्रश्न, "कधी मिळेल?" साचा कशाचा आहे, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. आणि नंतर लेथवर टूलची टिप उडाली की म्हणतात, "मटेरियल खराब दिलं."

मी बीबीए केलेला माणूस, मेटलर्जिस्ट नाही. पण दुकानात बिडाचे पार्ट विकतो, त्यामुळे हा विषय मला धंद्यासाठी शिकावा लागला. आज तोच सोपा करून सांगतो. एकच गोष्ट डोक्यात ठेवा: भट्टीतून येतो तो फक्त रस असतो, त्याचं बीड साच्यात तयार होतं. एकाच लॅडलमधला रस दोन वेगळ्या साच्यांत ओतला, तर दोन वेगळी बिडं मिळू शकतात.

साच्यात नेमकं काय होतं?

साध्या राखाडी बिडात साधारण ३ ते ३.५ टक्के कार्बन असतो. रस अंदाजे १३५० ते १४०० अंशांना ओततात आणि ११५० अंशांच्या आसपास तो गोठतो. गोठताना कार्बनपुढे दोन वाटा असतात.

पहिली वाट: पुरेसा वेळ मिळाला, तर कार्बन वेगळा होऊन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात बसतो. असा तुकडा तोडला तर आतून राखाडी दिसतो. तो मशीनवर छान कापला जातो आणि कंपनं शोषून घेतो.

दुसरी वाट: उष्णता फार झपाट्याने निघून गेली, तर कार्बन लोखंडाशीच बांधला जातो आणि कार्बाइड बनतं. तुकडा तोडला तर आतून पांढरा दिसतो. कारखान्यात आपण म्हणतो "चिल आलाय". हे बीड फार कडक असतं पण ठिसूळ. टूल त्यावर टिकत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये आपल्याला हवी ती जागा असते. खडीसाखर आठवा. पाक सावकाश थंड झाला की खडे मोठे होतात, लवकर झाला की बारीक. ग्रॅफाइटचंही तसंच आहे. पापुद्रे मोठे झाले की बीड मऊ आणि कमजोर, कारण प्रत्येक पापुद्रा म्हणजे आतली एक छोटी भेगच. पापुद्रे बारीक असले की ताकद वाढते.

म्हणजे ताकदीचा प्रश्न इथे येऊन थांबतो: साचा उष्णता किती वेगाने ओढतो?

कोणता साचा काय करतो?

ग्रीन सँड. नावात ग्रीन आहे, पण वाळू हिरवी नसते. ग्रीन म्हणजे ओली, न भाजलेली. सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, थोडं पाणी आणि कोळशाची पूड. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावमध्ये हा साचा सर्रास दिसेल. स्वस्त आणि झटपट. पण सगळा खेळ पाण्याचा आहे. पाणी साधारण ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास सांभाळावं लागतं. जास्त झालं तर वाफ होते, ब्लो होल आणि पिनहोल येतात, आणि पातळ कडांना चिल येण्याची शक्यता वाढते.

दुसरी अडचण म्हणजे सैल ठोकलेली वाळू. रसाच्या दाबाने साच्याची भिंत बाहेर सरकते आणि जॉब फुगतो. आत गोठताना रस कमी पडून पोकळी राहू शकते. आता धंद्याच्या नजरेने बघा: फुगलेला जॉब वजनाला जास्त भरतो. तुम्ही किलोवर पैसे देता, आणि तेच जास्तीचं बीड पुन्हा पैसे देऊन मशीनवर काढता!

रेझिनचा साचा, म्हणजे नो-बेक. वाळू केमिकलने घट्ट होते. भिंत सरकत नाही, माप चांगलं मिळतं, पाणी जवळपास नसतं. मोठ्या जॉबला उत्तम. पण केमिकलचाही परिणाम होतो. काही रेझिनमध्ये नायट्रोजन असतो, तो जास्त झाला तर बिडात भेगांसारखी छिद्रं येतात. फ्युरान रेझिनसोबत बऱ्याचदा गंधक असलेलं आम्ल वापरतात. वाळू पुन्हा पुन्हा वापरली की हे गंधक साचत जातं. एसजी आयर्नमध्ये ग्रॅफाइट गोळ्यांच्या आकारात हवं असतं, पण गंधकामुळे वरच्या थरात ते परत पापुद्र्यांसारखं होऊ शकतं. आतून जॉब ठीक, वरची कातडी कमजोर. जिथे रोज झटके बसतात तिथे भेग वरूनच सुरू होते. एसजीचा जॉब असेल तर हा प्रश्न विचाराच.

धातूचा साचा आणि चिल ब्लॉक. धातू वाळूपेक्षा उष्णता कितीतरी वेगाने ओढतो, म्हणून इथे पांढरं बीड सहज तयार होतं. पण हा नेहमी दोष नसतो. रोलर फ्लोअर मिलच्या रोलला कडक पृष्ठभाग हवा असतो, म्हणून तिथे मुद्दाम चिल देतात. जाड भाग सावकाश गोठून आत पोकळ राहू नये, म्हणूनही वाळूच्या साच्यात त्या जागी लोखंडी ठोकळा बसवतात. काही ठिकाणी त्याऐवजी क्रोमाइट वाळू वापरतात. ती सिलिकापेक्षा उष्णता जास्त ओढते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, सगळं साच्यावर ढकलू नका. जॉबची जाडी, रसातलं सिलिकॉन आणि ओतण्याआधी टाकलेलं इनॉक्युलंट यांचा वाटाही मोठा आहे. ६ मिमीची रिब आणि ६० मिमीचा हब एकाच जॉबमध्ये असतील, तर साचा एकच असूनही दोन ठिकाणी बीड वेगळं येतं.

सर्टिफिकेट वाचायला शिका

एफजी २६० म्हणजे २६० न्यूटन प्रति चौरस मिमी ताकद. पण ही ताकद सहसा वेगळ्या ओतलेल्या ३० मिमी व्यासाच्या टेस्ट बारची असते, तुमच्या जॉबची नाही. जॉबचा जाड भाग त्याहून कमजोर आणि पातळ भाग त्याहून कडक असू शकतो. म्हणून महत्त्वाच्या जागी जॉबवरच हार्डनेस मागा.

हिशोब करून बघा

समजा १२ किलोची पुली आहे. दुसरा पुरवठादार किलोला ४ रुपये कमी सांगतो. नगामागे ४८ रुपये वाचले. ५० नगांचे २४०० रुपये. आता त्यातल्या ५ नगांना कडेला चिल निघाला, प्रत्येकाला २५० रुपयांची एक टिप गेली, म्हणजे १२५० रुपये तिथेच संपले. लेथचा वेळ, रिजेक्ट माल, आणि चिडलेलं गिऱ्हाईक अजून धरलेलंच नाही.

ऑर्डर देण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. साचा कोणता? ग्रीन सँड, नो-बेक की शेल?
२. वाळूतलं पाणी आणि साच्याची हार्डनेस रोज तपासता का, आणि नोंद ठेवता का?
३. ओतण्याआधी वेज टेस्ट करता का? पाचरीसारखा तुकडा ओतून, तोडून, टोकाचा पांढरा भाग मोजतात. दोन मिनिटांचं काम, पण चिलचा अंदाज आधीच येतो.
४. जॉब साच्यातून किती वेळाने काढता? लाल असतानाच काढला तर तो वाऱ्यावर भराभर थंड होतो, कडक होतो आणि आत ताण राहतो. मग मशीनिंग झाल्यावर वाकतो.
५. माझ्या जॉबची सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जाड जागा तुम्ही बघितली का?

चांगल्या फाउंड्रीवाल्याला हे प्रश्न आवडतात. त्यालाही कळतं की समोरचा फक्त भाव पाडायला आलेला नाही. जो वैतागून म्हणतो, "साहेब, तुम्ही माल घ्या ना, साच्याचं काय करायचंय?" त्याला आधी ५ नगांचीच ऑर्डर द्या. ते नग लेथवर चढवा, कडा तपासा, एखादा नग तोडून आतला रंग बघा. राखाडी आणि एकसारखा दिसला, तर मग खुशाल रेटवर बोला.

पुढच्या व्हिडिओत पुरवठादाराकडून रिजेक्शनचे पैसे परत मिळावेत म्हणून पीओमध्ये कोणत्या ओळी लिहायच्या, ते बघू. तोपर्यंत तुमच्या रोजच्या जॉबचं ड्रॉइंग काढा आणि पातळ-जाड जागांवर पेनने खूण करून ठेवा.