कोर्टाचा कागद आला तर

समजा, मरोळ नाक्याजवळच्या एका चाळीत भर दुपारी बेलीफ आला. घरात बाई एकटीच. बेलीफ म्हणाला, "समन्स आहे, इथे सही करा." बाईला वाटले, सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला! तिने दार लावून घेतले.

पुष्कळांच्या हातून असे होते. पण समन्स म्हणजे अटक नव्हे, शिक्षाही नव्हे. अमुक तारखेला कोर्टात या, असे ते बोलावणे आहे. सही केली म्हणजे कागद पोचला, एवढेच. कागद नाकारला तर बेलीफ त्याची प्रत दाराला चिकटवून जातो, आणि समन्स बजावले गेले असे कोर्ट धरू शकते. दार लावून दावा थांबत नाही.

आता कागद उघडून पाहू. त्यावर 'वादी' आणि 'प्रतिवादी' असे शब्द आहेत. दावा लावला तो वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. म्हणजे हे प्रकरण दिवाणी आहे. पैशाचे, जागेचे किंवा हक्काचे. 'आरोपी' असे लिहिले असते, तर ते फौजदारी. फौजदारीत जामीन मिळाला की लोक पेढे वाटतात; पण जामिनावर माणूस सुटतो, खटला सुटत नाही.

आपल्या बाईचा दावा खोलीचा आहे. घरमालकाने खोली खाली करून मागितली आहे. मुंबईत भाड्याच्या जागेचे असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. लोक त्याला स्मॉल कॉज कोर्ट म्हणतात. ते धोबी तलावाला आहे, आणि त्याची एक शाखा वांद्र्याला आहे.

प्रतिवादीने आपली बाजू लिहून द्यायची, तिला 'कैफियत' म्हणतात. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत ती द्यावी, असा दिवाणी कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे. कोणी हजरच झाले नाही, तर दावा 'एकतर्फी' चालतो. म्हणजे वादीचेच ऐकून निकाल होऊ शकतो, आणि खोली जाऊ शकते. असा निकाल फिरवून मागता येतो, पण न येण्याचे सबळ कारण दाखवावे लागते. 'मला वाचता येत नव्हते' एवढ्यावर कोर्ट ऐकेलच, असे आम्ही सांगू शकत नाही.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईमाणसाला, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मागता येतो. १५१०० या नंबरावर फोन करून चौकशी करावी. जाताना समन्स, भाड्याच्या पावत्या आणि रेशनकार्ड बरोबर न्यावे.