घरी येणारी ‘सिस्टर’ कोण?

रुग्णाला दवाखान्यातून घरी आणले की ब्युरोला फोन जातो. दुसऱ्या दिवशी पांढरा कोट घातलेली बाई येते आणि घरचे तिला ‘सिस्टर’ म्हणू लागतात. ती एएनएम किंवा जीएनएम असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक तिच्याकडे असतो. तो मागा; त्यात अपमान नाही. नसेल तर ती मदतनीस. अंग पुसणे, भरवणे, दर दोन तासांनी कूस बदलणे हे तिचे काम. ते हलके समजू नका, कूस चुकली की पाठीला जखमा होतात. पण शिरेतले इंजेक्शन किंवा लघवीची नळी बदलणे तिला सांगू नये.

आता कायदा बघा. वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या केंद्रीय कायद्याने परवाना लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी बाई पुरवणाऱ्या ब्युरोला तो कायदा लागू होत नाही! १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा दवाखान्यातल्या खाटा बघतो, तुमच्या घरातली नाही. म्हणून आम्ही परवान्याची मागणी करतो. तोवर बाईचे शिक्षण, कामाची यादी, दर हे सारे ब्युरोकडून लेखी घ्या. पावती जपा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार करताना ती लागेल.

या कामावर आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी बाया जातात. परक्या घरात, एकट्या, बारा-बारा तास. तिथे लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्यात ते घरही कामाचे ठिकाण धरले आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, आणि अर्ज लिहायला आम्ही सोबत बसतो.