नव्याचे नऊ दिवस: गेमचं अपडेट आणि तुमचा सिनॉप्सिस

2023 च्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा. रावेरात ऊन मी म्हणत होतं आणि आमच्या ओट्यावर चार पोरं एका चार्जरसाठी भांडत होती. जुलै 2022 मध्ये प्ले स्टोअरवरून काढलेला बीजीएमआय दहा महिन्यांनी परत आला होता, 2.5 अपडेट आणि 'नुसा' नावाचा नवा मॅप घेऊन. तासाभरात दोन निकाल लागले. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, एकदम नवीन गेम वाटतो!" त्याच्या शेजारचा त्याला म्हणाला, "काही नवीन नाही भो. टीचभर मॅप टाकला नि झालं."

मी आत सिनॉप्सिस घेऊन बसलो होतो. समितीकडून तो परत आला होता आणि पहिल्याच पानावर शेरा होता: 'यात नवीन काय?' विषय आमच्याच शेतातला. घड कापल्यावर केळीचं खोड बांधावर पडून राहतं. त्यापासून सक्रिय कार्बन बनवायचा आणि तो सांडपाण्यातला रंग किती शोषतो ते मोजायचं. माझ्या मते सगळंच नवीन होतं. समितीच्या मते काहीच नव्हतं.

ओट्यावरचं भांडण आणि माझं भांडण एकच आहे, हे कळायला मला वेळ लागला. 'पुरेसं नवीन आहे का?' या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, कारण तो अजून अर्धवट आहे. तो पूर्ण कसा करायचा, ते या गेमवरूनच बघू.

1. कोणासाठी नवीन?

नुसा मॅप जगभरच्या पबजी मोबाइलमध्ये 2022 मध्येच आला होता. आपल्याकडे तो मे 2023 मध्ये पोचला. म्हणजे भारतातल्या खेळाडूसाठी तो नवीन होता, पण बाहेरचे व्हिडिओ बघणाऱ्यासाठी जुना. दोघंही खरं बोलत होते.

संशोधनात हीच गफलत 'जळगाव जिल्ह्यात प्रथमच' या शब्दांनी होते. जागा बदलली म्हणून काम आपोआप नवीन ठरत नाही. इथली माती, पाणी किंवा हवामान यांमुळे निष्कर्ष बदलू शकतो, असं मानायला कारण असेल तरच जिल्ह्याच्या नावाला अर्थ आहे. ते कारण सिनॉप्सिसमध्ये लिहावं लागतं. माझ्यात ते नव्हतं.

2. काय आलं, आणि काय गेलं?

डेस्टिनी 2 हा बंजी कंपनीचा ऑनलाइन शूटर. त्याचे मोठे विस्तार पैसे देऊन घ्यावे लागतात. 10 नोव्हेंबर 2020 ला 'बियाँड लाइट' आला. त्यात युरोपा हा नवा प्रदेश मिळाला. पण त्याच दिवशी मंगळ, बुध, टायटन आणि आयो हे जुने प्रदेश गेममधून काढले, 2017 ची मूळ मोहीमही काढली. गेम फार अवजड झाला, सांभाळणं कठीण झालं, असं कंपनीचं कारण होतं. शिवाय परत आणलेला कॉस्मोड्रोम हा भाग 2014 च्या पहिल्या डेस्टिनीतलाच होता.

आता सांगा, यात 'नवीन' किती? नुसती बेरीज केली तर एक आकडा येतो, वजाबाकी धरली तर दुसरा, आणि कॉस्मोड्रोम कुठल्या रकान्यात टाकायचा यावरून तिसरा. म्हणून मोजणी सुरू करण्याआधी आधाररेषा ठरवा: कुठल्या दिवसाच्या, कुठल्या स्थितीशी तुलना? साहित्य परीक्षण करतो ते यासाठीच. मी मात्र साठ पेपरांची यादी करून त्यालाच परीक्षण समजत होतो.

3. मोजायचं कशात?

'टीचभर मॅप' म्हणणारा क्षेत्रफळ मोजत होता. एरँगेल हा जुना मॅप 8 बाय 8 किमी, म्हणजे 64 चौ.किमी. नुसा 1 बाय 1. त्या मापाने नवीन भर अगदीच नगण्य.

आता एकक बदलू. दर चौरस किलोमीटरला किती खेळाडू उतरतात?

- एरँगेल: 64 चौ.किमी, 100 खेळाडू, म्हणजे साधारण 1.6
- सॅनहॉक: 16 चौ.किमी, 100 खेळाडू, म्हणजे 6.25
- लिव्हिक: 4 चौ.किमी, 52 खेळाडू, म्हणजे 13
- नुसा: 1 चौ.किमी, 32 खेळाडू, म्हणजे 32

क्षेत्रफळात 64 पट लहान, पण गर्दीत 20 पट मोठा. एरँगेलवर पहिली पाच-सात मिनिटं सामान गोळा करण्यात निवांत जाऊ शकतात. नुसावर उतरताच गाठ पडते. चुलतभावाला नवीन वाटलं ते हे. त्याचं एकक वेगळं होतं, आणि ते त्याला सांगता येत नव्हतं.

पण हे आकडे आणखी एक गोष्ट दाखवतात. 1.6, 6.25, 13, 32: मॅप लहान करत जा, गर्दी वाढवत जा, ही दिशा आधीचीच आहे. नुसा त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे. म्हणजे बदल खरा आहे, पण कल्पना जुनी आहे. असं वाक्य तुमच्या स्वतःच्या कामाबद्दल लिहिता आलं, तर तुम्ही प्रामाणिकपणे मोजलंत असं समजा.

अमूर्त शब्दाला मोजता येईल असं रूप देणं म्हणजे कार्यात्मक व्याख्या. ती केली नाही तर दोन माणसं दोन गोष्टी मोजतात आणि एकाच शब्दावरून भांडतात.

4. मोजणीत घोळ कोण घालतंय?

समजा, कोणी म्हणालं, "लोक किती तास खेळतात ते बघा, कळेल." 2023 मध्ये हे माप फसलं असतं. सरकारने तीन महिन्यांची चाचणी म्हणून परवानगी दिली होती आणि गेममध्ये वेळेची मर्यादा होती: 18 वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, बाकीच्यांना सहा. तास कमी भरले तर दोष मॅपचा की मर्यादेचा? आणि पहिल्या आठवड्यात गर्दी झाली, तर ती नुसासाठी की दहा महिन्यांच्या उपासामुळे? दोन कारणं एकत्र आली की परिणामाचं श्रेय वाटता येत नाही.

दुसरा घोळ नमुन्याचा. अपडेट कसं वाटलं हे आपण खेळणाऱ्यांनाच विचारतो. कंटाळून जे सोडून गेले, ते उत्तर द्यायला ओट्यावर नसतातच.

तिसरा घोळ आपल्या म्हणीतच आहे: नव्याचे नऊ दिवस. पहिल्या दिवशी विचारलेलं मत नवलाईचं असतं, दर्जाचं नसतं. तोच प्रश्न त्याच माणसांना सहा आठवड्यांनी पुन्हा विचारा. दोन उत्तरांतला फरक हाच तुमचा खरा डेटा.

5. 'पुरेसं' कशाला?

रोज अर्धा तास खेळणाऱ्याला एक छोटा मॅप महिनाभर पुरेल, सहा तास खेळणाऱ्याला तो आठवडाही पुरणार नाही. म्हणून 'पुरेसं'ची रेघ आधी आखा, डेटा नंतर घ्या. एक वाक्य लिहून ठेवा: 'अमुक दिसलं तर मी पुरेसं नाही असं म्हणेन.' हे वाक्य लिहिता येत नसेल, तर तुमचं उत्तर आधीच ठरलेलं आहे.

माझी रेघ अशी: जुन्या मॅपवर कधीच घ्यावा लागला नाही असा निर्णय नवा मॅप घ्यायला लावतो का? त्या कसोटीवर भारतातल्या रोजच्या खेळाडूसाठी नुसा पास होतो, पण काठावर.

मग हीच कसोटी मी माझ्या सिनॉप्सिसला लावली. तो नापास झाला. शेतातल्या टाकाऊ वस्तूंपासून कार्बन करून रंग शोषण्याचे पेपर ढिगाने आहेत. त्यात केळीचं खोड म्हणजे फक्त बदललेला मॅप होता, खेळ तोच. ते मान्य करायला मला जवळपास महिना लागला, कारण दीड वर्षाचं काम टेबलावर होतं.

नवा प्रश्न असा झाला: खऱ्या सांडपाण्यात रंगांसोबत क्षार असतात, तेव्हा याच कार्बनची शोषणक्षमता का घसरते, आणि खोडाच्या बाहेरच्या व आतल्या भागात हा फरक वेगळा दिसतो का? हा प्रश्न माझं म्हणणं खोटं पाडू शकतो. म्हणूनच तो विचारण्याजोगा वाटतो. जुनं काम वाया गेलं नाही, पण दीड वर्ष प्रस्तावनेच्या दोन परिच्छेदांत मावलं, हेही खरं.

आज रात्री एक करा. तुमच्या विषयाचं शीर्षक कागदावर लिहा आणि खाली चार ओळी: कोणासाठी नवीन, कशाच्या तुलनेत, कुठल्या एककात, आणि काय दिसलं तर पुरेसं नाही. एखादी ओळ कोरी राहिली तर घाबरू नका. समितीसमोर कोरी राहण्यापेक्षा घरी राहिलेली बरी.