घरचा साबण, घरचा हिशोब

गणपती गावाला गेले की आपल्याआधी आपल्या फोनला दिवाळीचे वेध लागतात. ‘घरच्या घरी उटणं’, ‘फक्त तीन वस्तूंत साबण’, ‘हा पॅक लावा आणि पार्लर विसरा’ असे रील्स एकामागून एक यायला लागतात. मागे संथ म्युझिक, लाकडी पाट, पितळेची वाटी आणि त्यात अलगद पडणाऱ्या गुलाबाच्या पाकळ्या. बघता बघता आपणही रात्री साडेबाराला साबणाचे साचे सर्च करत असतो. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये तर क्रोशे आणि बेकिंगच्या जोडीला हा तिसरा छंद चांगलाच रुजलाय. कुणी लिपबाम करतंय, कुणी आजीच्या वहीतलं उटणं, कुणी थेट साबण. आणि यात मुलगेही मागे नाहीत बरं का!

छंद म्हणून हे प्रकरण खरंच भारी आहे. दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर हाताने काहीतरी दळायचं, चाळायचं, ढवळायचं, ओतायचं आणि मग स्वतः केलेली वस्तू स्वतःच्या आंघोळीला घ्यायची, यात एक वेगळीच मजा आहे. अडचण एका वाक्यात आहे. ‘नॅचरल आहे ना, मग काय होतंय?’ हे ते वाक्य.

लिंबूही नॅचरलच असतं!

आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या भावाचं मे महिन्यात लग्न होतं. चेहरा ‘उजळ’ दिसावा म्हणून तिने लिंबाचा रस आणि साखर गालांवर चोळली, वरवर धुतलं आणि मांडवाची तयारी बघायला भर उन्हात गेली. दुसऱ्या दिवशी गाल लाल आणि आग आग. चौथ्या दिवशी तपकिरी डाग. लग्नाच्या अल्बममध्ये ती प्रत्येक फोटोत एका बाजूने उभी आहे. ते डाग जायला काही महिने लागले आणि त्या काळात तिने व्हिडीओ कॉल उचलणंही बंद केलं होतं.

याला त्वचारोगतज्ज्ञांकडे रीतसर नाव आहे, फायटोफोटोडर्माटायटिस. लिंबात फ्युरोकुमारिन गटातली द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे डाग राहतात. शिवाय लिंबाच्या रसाचा पीएच साधारण २ असतो आणि आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास. म्हणजे रस चांगलाच आम्लधर्मी. दुसऱ्या टोकाला खायचा सोडा. तो अल्कधर्मी, पीएच ८ च्या वर. तोही कित्येक ‘हॅक्स’मध्ये चेहऱ्यावर चोळायला सांगतात. दोन्ही वस्तू स्वयंपाकघरातल्याच, पण चेहरा म्हणजे काही सिंक नव्हे.

मुळात प्रश्न लिंबाचा कमी आणि ‘उजळ’ या शब्दाचा जास्त आहे. २०२० मध्ये एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं. आपल्या घरगुती पाककृतींमधून मात्र ते अजून गेलेलं नाही. हळद, दूध, बेसन, काहीही कालवा, शेवटी वाक्य तेच, ‘रंग उजळतो’. मळ आणि तेलकटपणा निघाला की चेहरा तुकतुकीत दिसतो, एवढंच खरं. त्वचेचा मूळ रंग बदलणं हे उटण्याचं काम नाही आणि तशी गरजही नाही.

उटण्यापासून श्रीगणेशा

नव्याने सुरुवात करायची असेल तर उटण्यासारखा सोपा प्रकार नाही. मसूर डाळीचं पीठ, आंबेहळद, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळवलेली संत्र्याची साल, गुलाबपाकळ्या, थोडी मुलतानी माती. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येक घराला आपलंच खरं वाटतं! साधारण निम्मं मसुराचं पीठ आणि उरलेल्या निम्म्यात बाकी सगळं, असं धरलं तरी चालतं. सगळं कडकडीत वाळलेलं हवं, बारीक दळलेलं हवं आणि मुख्य म्हणजे वस्त्रगाळ केलेलं हवं. संत्र्याच्या सालीचा जाडसर भुगा चेहऱ्यावर चोळला तर बारीक ओरखडे पडतात.

काष्ठौषधींच्या दुकानात तयार मिश्रण घेणार असाल तर एक प्रश्न नक्की विचारा, ‘यात बावची आहे का?’ बावचीत सोरालेन असतं आणि त्याने त्वचा उन्हाला हळवी होते. लिंबासारखाच प्रकार. आणि कुठलीही नवी वस्तू आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडीशी लावून २४ ते ४८ तास थांबायचं. खाज, लाली, पुरळ काही आलं नाही तरच पुढे. आजीच्या वहीतलं असलं तरी हा नियम चुकवायचा नाही. आजीची त्वचा आणि आपली त्वचा वेगळी असू शकते.

उटण्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते कोरडं असतं. या छंदातला अर्धा शहाणपणा या एका शब्दात आहे. जिथे पाणी नाही तिथे बॅक्टेरिया आणि बुरशीला वाढता येत नाही, म्हणून कोरडं उटणं घट्ट झाकणाच्या बरणीत महिनोन् महिने टिकतं. याउलट कोरफडीचा गर, काकडीचा रस, घरचं गुलाबपाणी यांत पाणीच पाणी. फ्रीजमध्ये ठेवलं तरी ते चार-पाच दिवसांत संपवलेलं बरं. वास आला नाही, रंग बदलला नाही म्हणजे खराब झालं नाही, असं नसतं. ‘प्रिझर्व्हेटिव्ह फ्री’ हे लेबल ऐकायला छान वाटतं, पण पाणी असलेल्या क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर त्या डबीत आपण काय जोपासतोय याचा विचार करा. आणि ओलं बोट उटण्याच्या बरणीत घालायचं नाही. लोणच्याच्या बरणीचा नियम इथेही लागू!

कोकणातलं बटर

रील्समध्ये सतत शिया बटर दिसतं. ते आफ्रिकेतल्या झाडाचं. आपल्याकडे कोकणात कोकमाच्या बियांपासून तेल काढतात. ते थंड झालं की घट्ट होतं, म्हणून गोळ्याच्या रूपात मिळतं. थंडीत पायांच्या भेगांना आणि फुटलेल्या ओठांना लावायची जुनी पद्धत आहे. याच कोकमतेलाला आता महागड्या क्रीम्सच्या डब्यांवर ‘कोकम बटर’ असं नाव मिळालंय.

त्याचा लिपबाम अगदी सोपा. वजनाने एक भाग मधमाश्यांचं मेण, एक भाग कोकमतेल आणि दोन भाग बदामाचं किंवा तिळाचं तेल. एका पातेल्यात पाणी गरम करून त्यात वाटी ठेवायची आणि त्या वाटीत हे सगळं वितळवायचं. थेट आचेवर नको. मेण वितळायला साधारण ६२ ते ६५ अंश लागतात, त्यामुळे घाई करू नका. मग छोट्या, पूर्ण कोरड्या डब्यांत ओतायचं. इथेही पाणी नाही, म्हणून टिकायची चिंता कमी. सुगंधासाठी इसेन्शियल ऑइल हवंच असेल तर थेंबात मोजा. ती अर्कं असतात, अत्तराची बाटली नव्हे. थेट त्वचेवर तर कधीच लावायची नाहीत.

बाथ बॉम्बचीही हौस असते. खायचा सोडा दोन भाग, सायट्रिक ॲसिड एक भाग, थोडं तेल, आणि साच्यात घट्ट दाबायचं. पाण्यात टाकला की दोघांची प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फसफस होते. पण पीजीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांकडे टब कुठून येणार? बादलीत टाकून बघणं, नाहीतर घमेल्यात पाय सोडून बसणं. एवढंच लक्षात ठेवा की मुंबईच्या दमट हवेत हे बॉम्ब साच्यातच फुगायला लागतात. पावसाळा संपू द्या, मग करा.

आता खरा साबण

‘केमिकल फ्री साबण’ असं कुणी म्हणालं तर हसू आवरा. साबण हीच एक रासायनिक प्रक्रिया आहे. तेल आणि कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, एकत्र आले की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. कॉस्टिक सोड्याशिवाय साबणाची वडी होत नाही. हिशोब बरोबर असेल तर तयार वडीत तो मोकळा उरत नाही. हिशोब चुकला तर मात्र तीच वडी त्वचा जाळू शकते.

म्हणून साबणात ‘अंदाजे’ हा शब्द बाद. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण १८.३ ग्रॅम, ऑलिव्ह तेलाला १३.५ ग्रॅम आणि एरंडेलाला १२.८ ग्रॅम. त्यातून ५ टक्के सोडा मुद्दाम कमी घ्यायचा, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहतं आणि साबण कोरडा पडत नाही. समजा २०० ग्रॅम खोबरेल, २५० ग्रॅम ऑलिव्ह आणि ५० ग्रॅम एरंडेल घेतलं, तर हिशोब ७६.७५ ग्रॅमचा येतो आणि ५ टक्के वजा केल्यावर जवळपास ७३ ग्रॅम. खोबरेल संपलं म्हणून ऐनवेळी दुसरं तेल ओतलं की हा सगळा हिशोब नव्याने. ऑनलाइन कॅल्क्युलेटर आहेत, ते दर वेळी वापराच. आणि वाटी-चमचा नको, ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, उघडी खिडकी. लहान मुलं आणि मांजर स्वयंपाकघराबाहेर. सोडा नेहमी थंड पाण्यात हळूहळू घालायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. ते उसळून अंगावर येतं. द्रावण स्वतःच ८० अंशांच्या वर तापतं, वाफही निघते. ॲल्युमिनियमचं पातेलं चुकूनही नको, कारण सोडा ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सुटतो. स्टीलचं भांडं घ्या आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. अंगावर थेंब उडाला तर लिंबू-व्हिनेगर शोधत बसू नका, लगेच वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धरा. डोळ्यात गेला तर धुणं सुरू ठेवून थेट डॉक्टर. नाली साफ करायची पावडर ‘तीही कॉस्टिकच’ म्हणून वापरायची नाही. तिच्यात इतरही भेसळ असते.

हे वाचून घाबरला असाल तर चांगलंच आहे. घाबरलेला माणूस नीट मोजतो. आणि एवढं नकोच असेल तर तयार साबणाचा बेस मिळतो. तो वितळवायचा, रंग-सुगंध घालायचा, साच्यात ओतायचा. सोड्याचं काम आधीच झालेलं असतं. पहिली एक-दोन वर्षं फक्त हेच केलं तरी काही बिघडत नाही.

साबण करताना एक जादू मात्र बघण्यासारखी असते. पिवळ्याधमक वडीच्या आशेने हळद घालावी तर मिश्रण लालसर होतं! यात नवल काही नाही. शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावल्यावर तो लाल होतो, तोच हा प्रकार. हळद अल्कलीत रंग बदलते. हळदीला चुना लावून पारंपरिक कुंकू करतात, त्यामागेही हेच रसायन. दहावीत लिटमस पेपर पाठ केलेला असतो, पण तो कळतो तो असा, पातेल्यावर वाकून ढवळताना.

विकायचं का?

वडी छान जमली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली. ‘अगं, विकायला लाग की!’ मग लगेच नाव, लोगो, इन्स्टा पेज. इथे जरा थांबा. मित्रमैत्रिणींना भेट देणं वेगळं आणि विकणं वेगळं. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायची तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० लागू होतात. त्यासाठी उत्पादनाचा परवाना लागतो आणि आपल्याकडे तो अन्न व औषध प्रशासन देतं. लेबलवर काय लिहायचं याचेही नियम आहेत. ‘घरगुती आहे’ ही त्यातून सूट नाही. कटकट वाटेल, पण वर सांगितलेल्या मैत्रिणीचा चेहरा आठवा. गिऱ्हाइकाचा चेहराही कुणाचा तरी चेहराच असतो.

भेट देतानाही डबीवर दोन ओळी लिहा, आत काय काय आहे आणि कधी केलं. कुणाला बदामाची ॲलर्जी असू शकते, कुणाला चंदनाची. आणि घरी सनस्क्रीन करायच्या फंदात अजिबात पडू नका. एसपीएफ प्रयोगशाळेत मोजावा लागतो, गाजराच्या बियांच्या तेलाचे चार थेंब घालून तो येत नाही.

राहता राहिलं वेळापत्रक. साच्यातून काढलेला साबण लगेच वापरायचा नसतो. कापून, हवेशीर जागी चार ते सहा आठवडे मुरू द्यायचा. पाणी उडतं, वडी घट्ट आणि सौम्य होते. घटस्थापनेला ओतलेली वडी नरकचतुर्दशीच्या पहाटे बरोबर चार आठवड्यांची होते. म्हणजे पहिल्या अंघोळीला घरचा साबण हवा असेल तर काटा, गॉगल आणि तेलं आणायला हाच आठवडा आहे. उटण्याचं काय, ते धनत्रयोदशीला दळलं तरी चालतंय!