तिसरा आणि २६२ वा

मुक्त बाजारपेठेचा उठता-बसता घोष करणाऱ्या अमेरिकेत एक व्यवसाय असा आहे की, तेथे महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तरुणाला आपला मालक निवडता येत नाही; मालकच त्याला पाळीपाळीने निवडतात. हा व्यवसाय म्हणजे तेथील व्यावसायिक फुटबॉल, आणि या वाटपाचे नाव ‘ड्राफ्ट’. आयपीएलच्या लिलावात निदान खेळाडूवर बोली तरी लागते. येथे तीही नाही.

फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांची ही कल्पना १९३६ साली अमलात आली. गेल्या हंगामात जो संघ तळाशी, त्याची पहिली पाळी, विजेत्याची शेवटची. हेतू समतेचा सांगितला जातो आणि तो खोटाही नाही. तथापि एकाच कामगारासाठी दोन मालकांची चढाओढ थांबली की मजुरी खाली राहते, हे बेल यांच्या सहकाऱ्यांना कळत नसेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. २०११ च्या करारापासून तर नवोदिताचे वेतन बहुतांशी त्याच्या निवडीच्या क्रमांकावरूनच ठरते.

एप्रिलअखेर तीन दिवस ही निवड चालते. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि त्यात गुंतलेले लक्षावधी चाहते. दुसऱ्याच दिवशी प्रत्येक संघाला श्रेणी देण्याची तेथे रीत आहे. परीक्षा होण्यापूर्वीच गुणपत्रिका वाटण्याचा हा प्रकार शिक्षकवर्गाला मोठा गमतीचा वाटेल!

सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉर्टीनायनर्स संघाचे उदाहरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. २०२१ च्या मार्चमध्ये या संघाने मायामी संघाकडून तिसऱ्या क्रमांकाचा हक्क घेतला. मोबदल्यात त्याने आपला त्या वर्षीचा बारावा क्रमांक, पुढील दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क आणि वर तिसऱ्या फेरीचा एक हक्क दिला. एवढे देऊन घेतला तो ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलविणारा खेळाडू. महाविद्यालयात तो एकच पूर्ण हंगाम खेळला होता. २०२० साली साथीमुळे त्याच्या वाट्याला अवघा एक सामना आला होता. तरीही त्याच्याशी चार वर्षांचा ३ कोटी ४१ लाख डॉलरचा करार झाला. २०२२ च्या दुसऱ्याच सामन्यात त्याचा घोटा मोडला. फॉर्टीनायनर्ससाठी सुरुवातीपासून तो खेळला ते चारच सामने. इकडे तो बारावा क्रमांक हस्ते-परहस्ते डल्लासकडे गेला आणि डल्लासने त्यावर मायका पार्सन्स हा अव्वल बचावपटू पटकावला.

२०२२ च्या निवडीत याच संघाने अगदी शेवटच्या, म्हणजे २६२ व्या क्रमांकावर ब्रॉक पर्डी घेतला. या क्रमांकाच्या खेळाडूला थट्टेने ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’, म्हणजे कोणाच्या खिजगणतीत नसलेला, म्हणतात. चार वर्षांचे त्याचे वेतन सुमारे ३७ लाख डॉलर. डिसेंबरात दुसराही क्वार्टरबॅक जायबंदी झाला, पर्डी मैदानात आला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. तो सामना जादा वेळेत २५-२२ असा गमवावा लागला, ही गोष्ट वेगळी.

चाहत्यांनी मग व्यवस्थापक जॉन लिंच व प्रशिक्षक काइल शानाहन यांना आधी मूर्ख आणि नंतर द्रष्टे ठरविले. दोन्ही निकाल चुकीचे. पर्डी घेण्यापूर्वी या संघाने त्याच वर्षी आठ खेळाडू निवडले होते. त्याची योग्यता खरोखर कळली असती, तर कोणता शहाणा आठ वेळा थांबला असता? उलट लान्सची दुखापत हे दैव होते. दोष दुखापतीचा नव्हे, किमतीचा आहे. एका अननुभवी तरुणावर तीन वर्षांचे पहिले हक्क उधळणे हे तो धडधाकट राहता तरी महागच होते. अर्थशास्त्रज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (यांना पुढे २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले) यांनी हाच बाजार अभ्यासला आहे. एकाच जागेसाठी निवडलेल्या लागोपाठच्या दोन खेळाडूंत आधीचा सरस ठरण्याची शक्यता त्यांच्या हिशेबाने ५२ टक्के निघाली. नाणेफेकीहून थोडीच अधिक. पहिल्या काही क्रमांकांसाठी संघ प्रमाणाबाहेर मोजतात, हा त्यांचा निष्कर्ष.

स्वस्त पर्डीचा खरा लाभ मैदानाबाहेर झाला. संघाच्या एकूण वेतनावर १९९४ पासून कमाल मर्यादा आहे. क्वार्टरबॅकवर वाचलेला पैसा इतरत्र वापरता आला. २०२३ मध्ये निक बोसा या बचावपटूशी पाच वर्षांचा १७ कोटी डॉलरचा करार झाला, तो या सवडीतूनच. आणि हे ज्याच्या अल्प वेतनावर उभे राहिले, त्या पर्डीला नियमानुसार तीन हंगाम संपेपर्यंत वाढ मागण्याची सोय नव्हती. समतेच्या या व्यवस्थेची किंमत कोण मोजतो, याचा विचार श्रेणी देणाऱ्यांच्या मनात क्वचितच येतो.

मे २०२५ मध्ये अखेर पर्डीशी पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला. ती सवड आता उरलेली नाही, आणि संघाला पुन्हा शेवटच्या फेऱ्यांतून स्वस्त माणसे शोधणे भाग आहे. लान्सला तर २०२३ च्या ऑगस्टमध्येच डल्लासला देऊन टाकण्यात आले होते; मोबदला, चौथ्या फेरीचा एक हक्क.