कीचकाचं नाव, कर्झनचा चेहरा

जुन्या कथेचा नुसता उल्लेख होतो आणि वाचकाच्या मनात अख्खी कथा जागी होते. साहित्यातल्या अशा सूचक संदर्भांची ताकद नेमकी कशात असते?

१९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणलं. कथा विराटपर्वातली, घरोघरी ठाऊक असलेली. पांडव अज्ञातवासात वेष पालटून विराटाच्या पदरी राहिले आहेत. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती कीचक सैरंध्री झालेल्या द्रौपदीचा हट्ट धरतो. कंक झालेला युधिष्ठिर संयम राखायला सांगतो आणि बल्लव झालेला भीम कीचकाला ठार करतो. पात्रं सगळी महाभारतातली, एकाही इंग्रज अधिकाऱ्याचं नाव नाटकात नाही. तरीही १९१० साली सरकारने या नाटकावर बंदी घातली.

कारण कीचकाच्या जागी प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. १९०५ मध्ये बंगालची फाळणी करून तो मायदेशी गेला, पण त्या निर्णयाची जखम ओलीच होती. छळ सोसणारी द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, सबुरीचा सल्ला देणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ पक्ष आणि मुठी आवळणारा भीम म्हणजे जहाल पक्ष, हा उलगडा प्रेक्षागृहात कुणाला समजावून सांगावा लागला नाही. खाडिलकर ‘केसरी’त टिळकांचे सहकारी होते, त्यामुळे रोख कुठे आहे हे ओळखणं आणखी सोपं गेलं. नाटक आलं त्याच वर्षाच्या अखेरीला काँग्रेसच्या सुरत अधिवेशनात मवाळ आणि जहाल उघडपणे फुटले. पुढे व्हॅलेंटाईन चिरोल या इंग्रज पत्रकाराच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या १९१० च्या पुस्तकातही नाटकाच्या या अर्थाची दखल घेतली गेली. नाव न घेता केलेला वार अगदी वर्मी लागला होता.

साहित्यातल्या सूचक संदर्भाचं याहून ठसठशीत उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. लेखक एखाद्या जुन्या कथेकडे, व्यक्तीकडे किंवा घटनेकडे बोट दाखवतो, पण तिचा समोरच्या गोष्टीशी असलेला संबंध स्पष्ट करत नाही. तो वाचकाने जोडायचा असतो. उपमेपेक्षा ही रीत वेगळी आहे. ‘कर्झन राक्षसासारखा क्रूर आहे’ असं म्हटलं की एक गुण कळतो आणि विषय संपतो. कर्झनला कीचक केलं की कीचकाभोवतीची सगळी माणसं सोबत येतात: हतबल विराट, भावाला पाठीशी घालणारी सुदेष्णा, ओळख लपवून गप्प बसलेले पाच पराक्रमी पुरुष. कोण दोषी आणि कोण निर्दोष, याचा निवाडाही येतो. मुख्य म्हणजे, कथेचा शेवट येतो. कीचक मरतो, हे प्रेक्षकाला पडदा वर जाण्याआधीच माहीत असतं. सरकारला धास्ती वाटली ती या ठाऊक असलेल्या शेवटाची.

म्हणूनच कोणती कथा निवडली, याला फार महत्त्व असतं. द्रौपदीच्या अपमानाचा याहून प्रसिद्ध प्रसंग महाभारतात आहे. पण वस्त्रहरणाच्या वेळी तिचे पती शब्दाने बांधलेले आहेत आणि तिची लाज राखली जाते ती दैवी कृपेने. तो प्रसंग निवडला असता, तर प्रेक्षक वरून येणाऱ्या मदतीची वाट पाहत घरी गेला असता. कीचकाला संपवायला कुणी देव धावून येत नाही, माणूसच उठतो. तेच महाभारत, तीच द्रौपदी, पण दोन प्रसंगांतून निघणारे राजकीय अर्थ एकमेकांच्या विरुद्ध आहेत. खाडिलकरांची प्रतिभा या निवडीत दिसते.

अशा संदर्भाला सामायिक स्मरणाचा आधार लागतो. कीर्तनं आणि अठराव्या शतकातल्या श्रीधरस्वामींच्या ‘पांडवप्रताप’सारख्या ग्रंथांची पारायणं यांनी या कथा अक्षरओळख नसलेल्यांपर्यंतही नेल्या होत्या. पुराणाइतकाच इतिहासही या साठ्यात आहे. ‘ध चा मा केला’ म्हणताना १७७३ साली झालेला नारायणरावांचा खून आणि ‘पानिपत झालं’ म्हणताना १७६१ चा पराभव आपण नकळत आठवत असतो.

पण स्मरण सामायिक असलं तरी निवाडा सगळ्यांचा सारखा नसतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त वामनाची कथा घेतली आणि तिचा न्याय उलटवला. बळी हा त्यांच्या लेखी कष्टकऱ्यांचा न्यायी राजा आणि वामन हा कपटाने राज्य घेणारा. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ हे दिवाळीत ऐकू येणारं मागणं त्यांच्या वाचनाला साक्ष देतं. कथा तीच राहिली, पण ऐकणारा कुणाच्या बाजूला उभा आहे यावर तिचा अर्थ ठरला. दलित साहित्यात एकलव्य आणि शंबूक पुन्हा पुन्हा येतात तेही याच हक्काने. परंपरेच्या साठ्यावर आपलाही दावा आहे आणि त्या कथांचा निवाडा अजून व्हायचा आहे, असं ते लेखन ठामपणे सांगतं.

अरुण कोलटकरांचं ‘सर्पसत्र’ (२००४) या वाटेवर आणखी पुढे जातं. जनमेजयाच्या यज्ञाची ही कथा नागांच्या बाजूने, आस्तिकाची आई जरत्कारूच्या तोंडून येते. खांडववन जाळणारे अर्जुन आणि कृष्ण तिच्या नजरेतून पाहिले की वीरगाथेचा रंग बदलतो, आणि सूडापोटी एका अख्ख्या जमातीचा संहार करू पाहणाऱ्या यज्ञात वाचकाला स्वतःच्या काळातली हत्याकांडं दिसू लागतात.

आज पाठ्यपुस्तकात अशा संदर्भाखाली एका ओळीची टीप असते: ‘कीचक: विराटाचा सेनापती’. परीक्षेपुरती ती उपयोगी आहे, पण त्या ओळीतून प्रेक्षकांचा संताप कळत नाही आणि सरकारची भीतीही कळत नाही. मुलांना टिपेआधी कथा सांगायला हवी, आणि ती एकाच बाजूने सांगून चालणार नाही. वामनासोबत बळीची बाजू आणि द्रोणासोबत एकलव्याची बाजू कळायला हवी. मग संदर्भ समोर आला की वाचक आपणहून विचारू लागेल: हीच कथा का निवडली, ती कुणाच्या बाजूने सांगितली आहे आणि तिचा शेवट लेखकाला का हवा आहे? हे प्रश्न विचारणारा वाचक साहित्याचा आनंद तर घेतोच, पण भाषणांतून आणि घोषणांतून त्याच्यावर सोडली जाणारी पुराणंही तो पारखून घेऊ शकतो.